चुलीला सुट्टी

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आपल्या पुढ्यात जे येते, ते एकदा नीट पाहावे. वाटीत आंब्याची डाळ, पेल्यात कैरीचे पन्हे, कलिंगडाची फोड, काकडीच्या दोन चकत्या आणि निघताना ओटीत मूठभर भिजवलेले हरभरे. यात दूध नाही, दही नाही, तूप नाही. शेगडी पेटते ती डाळीवरच्या चमचाभर फोडणीपुरती आणि पन्ह्याच्या कैऱ्या उकडण्यापुरती. जिथे कैरी कच्चीच किसून पन्हे करतात, तिथे तेवढीही नाही.

प्राण्यांपासून मिळणारे काहीच न खाणाऱ्यांना ‘व्हीगन’ म्हणतात. हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी रूढ केला. आता शहरातल्या दुकानांत या नावाच्या पुड्या आणि खोकी मिळतात. २०२२ पासून त्यांच्यासाठी सरकारी नियम आहेत, वेगळे चिन्ह आहे, आणि किमती अशा आहेत की पेन्शनवर राहणाऱ्याने चष्मा पुसून पुन्हा वाचाव्यात. ‘हे सगळे आमच्याकडे आधीपासूनच होते’ असे म्हणून छाती फुगवायची आपल्याला सवय आहे. इथे त्यात अर्थ नाही. आपल्या आज्यांनी गाई-म्हशींचा विचार करून ही डाळ केली नव्हती. चैत्रात चुलीपुढे बसवत नसे, रब्बीचा नवा हरभरा घरात आलेला असे आणि कैऱ्यांना अजून बाठ धरलेली नसे. जे हाताशी होते त्याचे त्यांनी केले, आणि फार चांगले केले.

मला या ताटाचे कौतुक आहे ते वेगळ्याच कारणाने. दिवाळीचा फराळ म्हणजे आठ दिवस कढईपुढे. गौरी जेवतात त्या दिवशी पुरण शिजवा, वाटा, लाटा, भाजा. चैत्रातल्या हळदीकुंकवाला मात्र सकाळी डाळ भिजत पडते, दुपारी चारला ती पाट्यावर (आता मिक्सरमध्ये) भरड वाटली जाते. त्यात किसलेली कैरी, मीठ, साखर, हिरवी मिरची, ओले खोबरे, कोथिंबीर आणि वरून हिंग-मोहरीची फोडणी. अर्ध्या-पाऊण तासाचे काम. पाच वाजता तीच बाई चांगली साडी नेसून, केसांत मोगरा माळून बायकांच्या घोळक्यात बसलेली असते. तिला आतून कोणी हाक मारत नाही. पाहुण्यांना बोलावले आहे आणि यजमानीणबाई बसल्या आहेत, हे दृश्य आपल्या घरांत किती दुर्मीळ आहे याचा विचार करा.

माझी सगळी नोकरी बँकेत गेली. बँकेचे ३१ मार्चचे क्लोजिंग आणि चैत्र साधारण पाठोपाठ येतात. रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत ताळे जुळवून घरी जाणाऱ्या आम्ही बायका गौर मांडणार कधी आणि आरास करणार कधी? पण क्लोजिंग पार पडले की कोणीतरी मोठा डबा भरून डाळ आणीच. रद्द झालेल्या फॉर्मांच्या पाठीवर ती वाढली जाई आणि हेडकॅशियरपासून शिपायापर्यंत सगळे उभ्याउभ्या खात. पुरणपोळी अशी कोणी आणली नाही. आणवली नसती.

बँकेत उमेदवारी केलेले माणूस कुठेही जेवायला गेले तरी मनातल्या मनात जमाखर्च मांडते. दहा माणसांचे साधे जेवण घ्या. वरणभात, दोन भाज्या, कोशिंबीर, पोळ्या, एखादे गोड. सकाळी साडेसातला खोबरे खवण्यापासून सुरुवात होते आणि दुपारी साडेतीनला ओटा पुसून संपते. भरले आठ तास. त्यात ती बाई ताटावर बसते वीस मिनिटे, सर्वांच्या शेवटी, आणि पाहुणे निघायच्या घाईत असतात. केंद्र सरकारने २०१९ साली कोणाचा वेळ कशात जातो याचे सर्वेक्षण केले. घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात जातात असे आढळले. घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. आणि असे पुरुष मुळात शंभरात २६ च्या आसपास. यात सगळाच स्वयंपाक नाही हे खरे, पण २९९ मिनिटांतला मोठा हिस्सा कुठे जातो हे सांगायला सर्वेक्षण नको.

आणि आपल्याकडे ‘तव्यावरची पोळी ताटात’ हा एक आग्रह आहे. त्यावर खरे तर कादंबरी लिहिता येईल. फुगलेली पोळी वाफेसकट ताटात पडली पाहिजे, म्हणजे जेवणारा सुखी. ती भाजणारी जेवणाऱ्यांबरोबर कधीच जेवू शकत नाही, हे इतके उघड आहे की कोणाला दिसत नाही. ‘वहिनी, तुम्हीही बसा ना आमच्याबरोबर’ असे म्हणणारे भाऊजी मी खूप पाहिले आहेत. वहिनी हसतात आणि आत जाऊन पुढची पोळी लाटायला घेतात. भाऊजींना ती हवीच असते.

गांधीजींच्या हे लक्षात आले होते. १९२९ मध्ये त्यांनी साबरमती आश्रमात काही सहकाऱ्यांसह न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला. मोड आलेले धान्य, कच्चा पाला, फळे. प्रकृतीला काय उपयोग होईल हे ते पाहत होतेच, पण प्रयोग साधला तर बायकांची चुलीपुढच्या कंटाळवाण्या कष्टांतून सुटका होईल, असेही त्यांनी त्या वेळी लिहिले. प्रयोग काही साधला नाही. काहींना ते अन्न मानवले नाही, खुद्द गांधीजींना पोटाचा विकार जडला आणि दोन-तीन महिन्यांत शिजवलेल्या अन्नाकडे परतावे लागले. दुधाचेही असेच. दूध सोडण्याचे व्रत त्यांनी घेतले होते, मोठ्या आजारपणात शेळीचे दूध घेतले आणि ते त्यांच्या मनाला खात राहिले.

पुण्याजवळच्या उरुळीकांचनला त्यांनी १९४६ मध्ये निसर्गोपचार सुरू केला आणि तो आश्रम मणिभाई देसाईंवर सोपवला. कच्च्या भाज्या, फळांचे रस यांसाठी आजही लोक तिथे जाऊन राहतात. त्याच उरुळीत, त्याच मणिभाईंनी १९६७ मध्ये ‘बाएफ’ ही संस्था काढली आणि संकरित गाईंचा कार्यक्रम गावोगाव नेला. कच्च्या भाजीपाल्याचा आश्रम आणि भरपूर दूध देणारी गाय, दोन्ही एकाच गावातून आणि एकाच माणसाच्या हातून! मला यात विसंगती दिसत नाही. आजाऱ्याला काय द्यावे हा एक प्रश्न होता आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातात रोज चार पैसे कसे पडावेत हा दुसरा.

त्या दुसऱ्या प्रश्नाशी माझाही संबंध आला. ऐंशीच्या दशकात एकात्मिक ग्रामीण विकास योजनेखाली म्हशींसाठी दिलेल्या कर्जांचे कागद माझ्या टेबलावरून गेले आहेत. काही म्हशी कागदावरच राहिल्या असतील. पण ज्या खरोखर गोठ्यात आल्या, त्यांच्या दुधाचा डेअरीतून मिळणारा पैसा हा कित्येक घरांत बाईच्या हातात पडलेला पहिला रोख पैसा होता. तेव्हा दुधाला विष म्हणणाऱ्यांच्या पंगतीला मी बसणार नाही. पण वासराच्या वाट्याचे काय, असे कोणी विचारले तर त्यावर हसणारही नाही.

कारण असा प्रश्न आपल्याकडे निराळ्या वाटेने येऊन गेला आहे. भाद्रपदात गणपती बसले की दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही. नांगरटीचे धान्य चालत नाही. परसात हाताने खणून लावलेले अळू, भेंडी, पडवळ, लाल भोपळा, सुरण, माठ, मक्याची कणसे यांची एकच मोठी भाजी करायची. घाणाही बैलच ओढायचा, त्यामुळे बऱ्याच घरांत तेलाची फोडणीसुद्धा नाही. या व्रतामागे बाईच्या मासिक पाळीला दोष मानणारी एक कथा आहे, ती मला मान्य नाही, आणि आजच्या मुलींनी ती मानू नये. पण वर्षातून एक दिवस तरी आपले ताट कोणाच्या मानेवरच्या जुवातून आले आहे हे आठवावे, ही कल्पना टाकून देण्याजोगी नाही. भाजीची चव तर अशी असते की घरातली मुले ती दुसऱ्या दिवशीही मागतात.

प्रकृतीचे नियम थोडक्यात सांगते, बाकी डॉक्टरांना विचारावे. दूधदुभते पूर्ण सोडायचे असेल तर बी-१२ हे जीवनसत्त्व भाज्या-कडधान्यांतून भरवशाने मिळत नाही, ते वेगळे घ्यावे लागते. राजमा कच्चा किंवा अर्धकच्चा कधीही खाऊ नये. गरोदर बाईला आणि आजारातून उठलेल्या माणसाला मोड वाफवूनच द्यावेत. वाटलेली कच्ची डाळ म्हाताऱ्या पोटाला जड जाते, तेव्हा दोन चमचे पुरे. गांधीजींना जे पचले नाही ते आपल्याला रोज तिन्ही त्रिकाळ पचेल अशा भ्रमात राहू नये. मी रोजच्या जेवणाबद्दल बोलतच नाही. माणसे जमतात तेव्हाच्या खाण्याबद्दल बोलते आहे.

आमच्या ओळखीतली सात-आठ कुटुंबे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एकत्र जमतात. निवृत्तांना सगळे वार सारखेच, पण बँकेच्या सुट्टीची सवय जात नाही. एका मैत्रिणीची सून व्हीगन आहे आणि आमच्यातल्या दोघांना दूध सोसत नाही, त्या निमित्ताने ठरले, की दूधदुभते नको आणि गॅस फक्त फोडणीसाठी पेटवायचा. पहिल्या खेपेस एक जण म्हणाले, ‘‘कच्चं खायला आम्ही काय गुरं आहोत?’’ समोर आले ते दडपे पोहे. पातळ पोह्यांवर कांदा, ओले खोबरे, नारळाचे पाणी, लिंबू घालून तासभर दडपून ठेवलेले. मग गाजराची कोशिंबीर दाण्याच्या कुटातली, कोबीची पचडी, खमंग काकडी, लिंबू पिळलेले मोडाचे मूग, आणि शेवटी कारवारकडच्या मैत्रिणीने केलेले रसायन, म्हणजे नारळाच्या दुधात गूळ आणि केळी. गुरांचा विषय त्यानंतर निघाला नाही.

चैत्रात आम्ही डाळ-पन्ह्याचा शनिवार करतो. आमच्यातल्या दोघींचे यजमान गेले आहेत. पूर्वी चैत्रातल्या बोलावण्यांतून त्यांची नावे आपोआप गळत, आणि त्या स्वतःच ‘आमची डाळ घरी पाठवा’ म्हणून मोकळ्या होत. हळदीकुंकू ज्यांना हवे त्यांनी आपल्या घरी करावे. डाळीला कोणाचे कुंकू लागत नाही. त्या दोघी आता सर्वांच्या आधी येतात.

आणखी एक बाई आहेत. चाळीस वर्षे मी त्यांना ओळखते, पण माणसे जमली असताना त्यांना बसलेले पाहिल्याचे मला आठवत नव्हते. त्या काही सांगायला लागल्या की कुकरची शिट्टी होई, किंवा कोणाला पाणी हवे असे, आणि गोष्ट तिथेच राही. अशाच एका शनिवारी मुगाची वाटी मांडीवर ठेवून त्यांनी १९७२ च्या दुष्काळातली गोष्ट सांगितली. नऊ वर्षांच्या होत्या. आईवडिलांबरोबर खडी फोडण्याच्या कामावर जात, सुकडी मिळे, ती फडक्यात बांधून धाकट्या भावासाठी घरी आणत. एक दिवस वाटेत भूक अनावर झाली आणि त्यांनी ती सगळी खाल्ली. भाऊ दारात उभा होता. पुढे काय झाले ते त्यांनी आम्हाला शेवटपर्यंत सांगितले, ते त्यांचे आहे, मी लिहीत नाही. त्यांचे यजमान शेजारीच बसले होते. ‘‘हे तू मला कधी बोलली नाहीस,’’ ते म्हणाले. त्या म्हणाल्या, ‘‘अहो, सुरू केलं होतं दोनदा.’’

आता पुरुषांनाही कामे वाटून दिली आहेत. चिरणे, किसणे, दाणे कुटणे, फळे कापणे यांत पोळीसारखे कसब लागत नाही, सबबी फार चालत नाहीत. वाद होतात ते पन्ह्यावरून. साखर की गूळ, कैरी उकडलेली की कच्ची, वेलदोडा की केशर, यावर मागच्या चैत्रात दोन सख्ख्या जावा एकमेकींशी पाऊण तास बोलत नव्हत्या. शेवटी दोन पातेली केली आणि दोन्ही संपली.

पुढचा शनिवार आमच्याकडे आहे. पंधरा माणसांना दोन नारळ पुरतात. पण या वेळी विळीवर बसून खवण्याची पाळी आमच्या माजी विभागीय व्यवस्थापकांची आहे, म्हणून मी तीन आणून ठेवले आहेत.