एका टाळीने भागत नाही

'डिजिटल आहे हो, चुकेल कसं?' हे वाक्य मी बँकेच्या काउंटरमागे बसून वीस वर्षं ऐकतो आहे. आणि तिथूनच सांगतो, बेरीज न जुळण्याची सोय डिजिटलमध्येही आहे.

हल्ली घरगुती गाण्याची बैठक असली की हौशी मंडळी दोन रेकॉर्डर लावतात. एक गवयासमोर, दुसरा तबल्याशेजारी. दोन्ही सुरू करून एक टाळी वाजवतात. 'नंतर कॉम्प्युटरवर टाळीला टाळी जुळवली की झालं!' माझं भांडण या 'झालं'शी आहे. अहो, टाळीने फक्त ओपनिंग बॅलन्स जुळतो. पुढच्या व्यवहारांचं काय?

प्रत्येक रेकॉर्डरच्या पोटात स्वतःचा क्वार्ट्झचा स्फटिक असतो. त्याच्या ठोक्यावर यंत्र सेकंदाला ४८,००० वेळा आवाजाची नोंद करतं. निदान माहितीपत्रकात तसं छापलेलं असतं. पण दोन स्फटिक कधी तंतोतंत सारखे नसतात. समजा, गवयाच्या यंत्राने सेकंदाला ४८,००० नोंदी केल्या आणि तबल्याच्या यंत्राने ४८,००१. एका नोंदीने काय होतं? तासाला ३,६०० नोंदींची तफावत होते! म्हणजे ७५ मिलिसेकंद. तीन तासांच्या बैठकीत जवळजवळ पाव सेकंद. मिनिटाला २४० मात्रांची द्रुत लय धरली, तर पाव सेकंद म्हणजे अख्खी मात्रा. शेवटच्या तराण्यात गवई समेवर, तबला मात्राभर मागे! सत्तरी ओलांडलेल्या गवयाची ती बैठक काही पुन्हा होत नाही. उद्या ऐकणारा नातू म्हणणार, 'तबलजी कच्चा होता.' स्फटिकाचं पाप बिचाऱ्या तबलजीच्या माथी.

मुंबईचीही एके काळी वेगळी वेळ होती. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली आली, तरी मुंबईने आपली वेळ १९५५पर्यंत सोडली नाही. पण ती सुमारे ३९ मिनिटं मागे असली, तर रोज तेवढीच मागे असे. इथे तफावत व्याजासारखी वाढते. सरळव्याज आहे, चक्रवाढ नाही, एवढीच देवाची कृपा.

उपाय आमच्या ऑफिसातलाच आहे. साहेब एकच असावा. स्टुडिओत एका यंत्राचा ठोका 'वर्ड क्लॉक'च्या तारेतून बाकीच्या यंत्रांना देतात आणि सगळी त्याच्या चालीने चालतात. खिशातल्या रेकॉर्डरना बहुधा ती सोय नसते. मग दोन्ही माइक एकाच रेकॉर्डरला जोडा. एक पोट, एक स्फटिक. तेही जमत नसेल, तर बैठक संपल्यावर, यंत्रं बंद करण्याआधी, दुसरी टाळी वाजवा. दोन टाळ्यांमधलं अंतर दोन्ही मुद्रणांत मोजा, म्हणजे फरक कळेल. कॉम्प्युटरवर एक मुद्रण तेवढं आवळून घ्या.

यात कसली आली कटकट? सकाळी कॅश जुळली होती म्हणून संध्याकाळी न मोजता घरी जाणारा कॅशियर मी अजून पाहिलेला नाही.