औषधाचा साठा आधी विचारा



मृग लागण्याआधीच आपण सोयाबीनचे बियाणे कुठे मिळेल याची चौकशी करून ठेवतो. ज्या घरात हिमोफिलियाचा मुलगा आहे, त्यांनी औषधाचीही तशीच चौकशी ठेवावी. या आजारात रक्त गोठवणारा घटक, म्हणजे फॅक्टर, कमी असतो. विळा लागला किंवा गुडघ्यात रक्त उतरले, तर त्याचेच इंजेक्शन लागते. सरकारी रुग्णालयात ते मोफत मिळते; पण साठा कधी कधी संपतो, आणि गावच्या दुकानात ते मिळत नाही.

म्हणून दर महिन्याला बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात साठा विचारून ठेवा. तिथे नसेल तर अमरावतीच्या डे-केअर केंद्रात विचारा. फॅक्टर आठ की नऊ, आणि मुलाचे वजन किती, हे कागदावर लिहून जवळ ठेवा. मात्रा त्यावरच ठरते. औषध घरी दिले असेल तर २ ते ८ अंशांत ठेवा, गोठू देऊ नका.

पोचेपर्यंत जखम दाबून धरा, सांधा हलवू नका, कापडात गुंडाळून बर्फ लावा. अ‍ॅस्पिरिन देऊ नका. दंडात, कमरेत सुई टोचू देऊ नका. डोक्याला मार लागला तर मूल हसत-खेळत असले तरी तडक निघा.

तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही, हे आपल्याला कोणी सांगायला नको.