रक्ताची पत्रिका

गेल्या उन्हाळ्यात गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावात बायकांची बैठक होती. बैठक संपल्यावर एक आई आपल्या मुलीला घेऊन मागे थांबली. मुलीचं लग्न ठरलं होतं. शिबिरात तिची सिकलसेलची तपासणी झाली, ती वाहक निघाली आणि मुलाकडच्यांनी सोयरीक मोडली. आई म्हणाली, "ताई, पोरीचं रक्तच खराब निंघालं. आता हिले कोण करन?" मी विचारलं, मुलाची तपासणी झाली का? ती माझ्याकडे बघतच राहिली. "पोराची कायले करतीन?"

सिकलसेल हा आनुवंशिक आजार. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्त कमी होतं, असह्य दुखतं. हा आजार व्हायला आई आणि बाप दोघांकडूनही सदोष जनुक यावा लागतो. एकाकडूनच आला तर माणूस फक्त वाहक. तो सहसा आजारी नसतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के. जोडीदाराच्या रक्तात असा काही दोष नसेल, तर वाहक मुलीचं एकही मूल सिकलसेलचं रुग्ण होत नाही. म्हणजे त्या मुलाची एक तपासणी केली असती, तर कदाचित लग्न मोडायचं कारणच उरलं नसतं!

१ जुलै २०२३ला केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. आदिवासी भागातल्या चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७पर्यंत आजार संपवायचा, असं उद्दिष्ट आहे. तपासणीला माझा विरोध नाही. पण ज्या समाजात मूल कसंही जन्मलं तरी दोष बाईचा, तिथे हे कार्ड मुलींची नवी पत्रिका होतं. त्यातला मंगळ तेवढा मुलीलाच असतो.

पुढे काय होतं? बाईची तपासणी बहुधा गरोदरपणात होते आणि नवऱ्याला बोलवेपर्यंत महिने जातात. गर्भाची तपासणी दहाव्या-बाराव्या आठवड्यापासून करता येते. त्यासाठी गावातल्या बाईला मोठं शहर गाठावं लागतं. भाडं कोण देणार? घरची लेकरं कोण बघणार? गर्भ ठेवायचा की नाही, हा निर्णय तिचा, असं आपण म्हणतो. तो खरोखर तिचा व्हायचा, तर माहिती वेळेवर हवी, आणि आजारी मूल जन्माला घातलं तरी त्याच्या औषधपाण्याची हमी हवी.

आणि जी बाई स्वतःच सिकलसेलची रुग्ण आहे, तिचं काय? गरोदरपणात तिला रक्तक्षय, जंतुसंसर्ग, वाढता रक्तदाब, वेळेआधी बाळंतपण असे धोके असतात. तिची नेहमीची औषधंही आधीच डॉक्टरांना विचारून बदलावी लागतात. तिला रक्ताची सोय असलेलं रुग्णालय हवं. तिच्या जगण्याची काळजी न घेता आजाराचं निर्मूलन कसलं?

लिंगनिदानाविरुद्ध आपण लढलो, १९८८मध्ये महाराष्ट्रात कायदा झाला. तपासणीचा वापर कोण कुणाविरुद्ध करतं, हे तेव्हाच आपण शिकलो. मैत्रिणींनो, आपल्या गावात सिकलसेलचं शिबिर होईल तेव्हा दोन गोष्टींचा आग्रह धरू या. निकाल ज्याचा त्यालाच कळावा, चावडीवर नाही. आणि पुरुषांची रांग बायकांच्या रांगेइतकीच लांब असावी.