तासाभराची वाटणी

डोळ्यांच्या डॉक्टरांनी रोज एकच तास वाचायची मुभा दिली, तेव्हापासून आमच्या भंडाऱ्याच्या घरी वाटणीचा तंटा सुरू आहे. त्या तासात कादंबरी वाचावी, की चार ज्ञानाच्या गोष्टी? सौभाग्यवतींचा कौल कादंबरीला. "माहितीचं पुस्तक मी वाचून दाखवीन तुम्हांला, पण कादंबरी दुसऱ्याच्या तोंडून ऐकली की तिची चव गेली!" युक्तिवाद बिनतोड आहे, मी तसे बोलून दाखवीत नाही, इतकेच.

अडचण केली ती व्यंकटेश माडगूळकरांनी. त्यांचे 'नागझिरा' कोणत्या खात्यात टाकावे? ते रान पूर्वी आमच्याच जिल्ह्यातले. १९९९ साली गोंदिया वेगळा झाला आणि नागझिरा तिकडे गेले. साकोलीवरून जाणारी वाट मात्र अजून आमचीच! पुस्तकात ना कथानक, ना नायिका. एक माणूस रानात राहतो, पाहतो आणि लिहितो. म्हणजे माहितीच की! उलट त्यांचे 'सत्तांतर' ही कादंबरी. १९८३ साली तिला साहित्य अकादमीचे पारितोषिकही मिळाले. पण वानरांच्या टोळीत सत्ता कशी पालटते, हे मला तिनेच शिकविले.

तूर्त तह झाला आहे. संध्याकाळी दिवेलागणीनंतर इतिहास, चरित्रे, प्रवास त्या वाचतात, मी ऐकतो. सकाळचा तास कादंबरीचा.

'नागझिरा' मात्र मी अजून त्यांच्या हाती दिलेले नाही.