धनुष्कोडीचे टपालघर

घरे पडली म्हणून गाव संपत नाही; घरे पुन्हा बांधता येतात. माझ्या मते, ज्या दिवशी तेथील माणसाला पत्र पाठवण्याची सोय उरत नाही, त्या दिवशी गाव सरकारदरबारी संपते. तामिळनाडूतील पांबन बेटाच्या टोकावर वसलेल्या धनुष्कोडीची हकीगत हेच सांगते.

काशी-रामेश्वर करणाऱ्या आपल्याकडील यात्रेकरूंना हे नाव परके नाही. १९१४ साली पांबनचा रेल्वेपूल झाला आणि मद्रासची गाडी थेट या वाळूच्या पट्ट्यावर येऊ लागली. तेथून आगबोट सिलोनमधील तलैमन्नारला जाई. या गाडीचे नावच मुळी 'बोट मेल'! माणसे, माल आणि टपाल यांच्या या वाटेवर स्टेशन, जकात कचेरी, शाळा, चर्च आणि टपालघर उभे राहिले.

२२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळाने समुद्र गावावर घातला. पांबनहून निघालेली पॅसेंजर गाडी शंभरावर उतारूंसह लाटांनी गिळली. पुढे सरकारने हे ठिकाण वस्तीस अयोग्य ठरवले.

पुलाचे नशीब निराळे. ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली तो ४६ दिवसांत पुन्हा उभा राहिला. हेच श्रीधरन पुढे कोकण रेल्वेमुळे आपल्या परिचयाचे झाले. गाडी पुन्हा रामेश्वरपर्यंत धावू लागली. धनुष्कोडीचा मार्ग मात्र वाळूत गेला तो गेलाच. अशा उघड्या किनाऱ्यावर वस्ती नको, हा विचार चुकीचा होता असे मी म्हणत नाही. परंतु मासळी जेथे, तेथे कोळी. तो परत आला आणि झोपडी घालून राहिला. ठिकाण अयोग्य ठरवल्याने माणसे नाहीशी होत नाहीत. नाहीशा होतात त्या त्यांच्या सोयी.

१५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी गृहस्थ आणि संस्कृत कवी. गावोगावच्या पत्त्यांना सहा आकडे मिळाले, तेव्हा धनुष्कोडीच्या टपालघराच्या भिंती पावणेआठ वर्षे उन्हापावसात उघड्या होत्या.

२०१७ साली टोकापर्यंत पक्की सडक झाली. पर्यटक येतात, पडक्या भिंतींपुढे छायाचित्रे काढतात आणि 'भुतांचे गाव' म्हणून परततात. हा शब्द मला खटकतो. त्याच भिंतींलगत शिंपल्यांच्या माळा विकून जी पोट भरते, ती बाई काय भूत आहे?

कोयना आणि उजनी धरणांच्या पाण्याखाली आपलीही गावे गेली. त्या घरांतील नातवंडे आज महाविद्यालयांत शिकतात. मित्रहो, आजोबांच्या ट्रंकेत जुन्या गावाचा शिक्का असलेले एखादे कार्ड सापडले तर ते रद्दीत टाकू नका. इतिहास केवळ किल्ल्यांचा आणि राजांचा नसतो. येथे माणसे राहत होती आणि दूरवरून कोणी त्यांची खुशाली विचारीत होते, याचा तो शिक्का पुरावा आहे.