पुराव्याचा भार कोणी वाहावा?

लष्करात भरती होणाऱ्या तरुणाची तपासणी किती कसोशीने होते, हे सर्वश्रुत आहे. डोळे, कान, हृदय, फार काय तळपायाची ठेवणही पाहिल्यावाचून त्याला वर्दी मिळत नाही. हाच तरुण काही वर्षांनी व्याधिग्रस्त होऊन घरी पाठविला जातो, तेव्हा त्याच लष्कराचे वैद्यकीय मंडळ शेरा मारते, की ही व्याधी लष्करी सेवेमुळे उद्भवली नाही व बळावलीही नाही. या एका ओळीने त्याचे अपंगत्वाचे निवृत्तिवेतन हातचे जाते. ती ओळ लिहिणाऱ्यावर कारण देण्याचे बंधन आहे की नाही, हा खरा प्रश्न आहे.

सर्वोच्च न्यायालयाने त्याचे उत्तर जुलै 2013 मध्येच दिले आहे. अपस्मारामुळे सेवामुक्त केलेल्या एका शिपायाच्या अपिलात 1982 च्या नियमांचा अर्थ लावताना न्यायालयाने सांगितले, की भरतीच्या वेळी व्याधीची नोंद नसेल तर सैनिक निरोगी होता असे गृहीत धरावे. ती सेवेमुळे जडली नाही हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर असून संशयाचा फायदा सैनिकास मिळावा. यात न्यायाइतकेच व्यवहारज्ञानही आहे. सैनिकाच्या नेमणुकांचे व आजारांचे सारे दप्तर लष्कराच्याच कपाटात असते. ज्याच्या हाती कागद, त्यानेच पुरावा द्यावा, हे उघड आहे.

तथापि निर्णय होऊनही कज्जे थांबले नाहीत. सातारा जिल्ह्यातील अपशिंग्यासारख्या गावचा जवान सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठापुढे जिंकला, तरी सरकार त्याला वरच्या न्यायालयात खेचू शकते. असे खटले कमी व्हावेत म्हणून तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी 2015 मध्ये तज्ज्ञांची समिती नेमली होती. त्यानंतर दहा वर्षांनी, जुलै 2025 मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाला सरकारच्या अशा सुमारे 300 याचिका एकदम फेटाळाव्या लागल्या. निवृत्तिवेतन म्हणजे औदार्य नव्हे, याची आठवणही त्या न्यायालयाला करून द्यावी लागली!

सरकारपक्षालाही बाजू आहे, हे आम्ही नाकारीत नाही. अपंगत्व घेऊन निवृत्त होणाऱ्यांत जवानांपेक्षा अधिकाऱ्यांचे प्रमाण अधिक असल्याकडे महालेखापरीक्षकांनी 2023 मध्ये लक्ष वेधले. त्याच वर्षी 21 सप्टेंबरला नवे नियम आले व गैरफायद्यास आळा हे त्यांचे समर्थन झाले. गैरफायदा घेणारे असतील तर त्यांना अवश्य हुडकून काढावे. परंतु त्याचाही मार्ग प्रत्येक प्रकरणाची कसून तपासणी करून सकारण निर्णय देणे हाच आहे. काही जण लबाड असतील, म्हणून सर्वांकडेच संशयाने पाहणे हा राज्यकारभार नव्हे. शिवाय नेमणूक सीमेवर नव्हती, एवढ्यावरून सेवेचा ताण नव्हता असे ठरत नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. वैद्यकीय मंडळाने नकार देताना व्याधीचे कारण नावानिशी लिहावे. ते लिहिता येत नसेल तर हक्क मान्य करावा. आणि न्यायालयांनी निकालात काढलेल्या मुद्द्यावर सरकारने पुन्हा अपील करू नये. सैनिकाने भरती होताना देशाकडे पुरावा मागितलेला नसतो. थकून परतलेल्या त्याच माणसाला पुराव्यासाठी दारोदार फिरविणे शासनास शोभत नाही.