घरबसल्या विद्यापीठ, पण कोणत्या भाषेत?

सयाजीराव महाराजांच्या बडोदे राज्यात पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरत. आज ते काम इंटरनेट करते. आयआयटींचा 'एनपीटीईएल' उपक्रम २००३ पासून आणि केंद्राचे 'स्वयम्' २०१७ पासून प्राध्यापकांची व्याख्याने चित्रफितींतून घरोघरी विनामूल्य पोहोचवत आहेत. मात्र मूळ व्याख्याने बहुतांशी इंग्रजीत. आमच्या मुलांची मराठी देवघर-स्वयंपाकघरापुरतीच उरते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आम्हीही पेढे वाटले. आता महाराष्ट्रातील विद्यापीठांनी वाणिज्य, अर्थशास्त्र, इतिहास यांची व्याख्याने मराठीतून ध्वनिचित्रित करून राज्याबाहेरील मराठीजनांनाही खुली करावीत, ही आमची मागणी आहे. मंडळानेही वाचनालयातील एक संगणक संध्याकाळी त्यासाठी मोकळा ठेवावा. मुलांना तिथवर आणण्याचे काम आपले.